हिरड्याचा हिशेब

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर एक अलिखित नियम आहे. डोकं दुखलं तर कोपऱ्यातल्या रूममधल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे बाम मागायचा, जर्नल अपुरं असेल तर सिव्हिलच्या टॉपरचं दार वाजवायचं आणि पोटाची तक्रार असेल तर माझ्याकडे यायचं! कारण माझ्या ट्रंकेत पुस्तकांच्या खाली बोर्नव्हिटाचा एक जुना डबा असतो. त्यात बोर्नव्हिटा नाही, हिरड्याची पूड असते. आज्जीनं उखळात कुटून, फडक्यातून वस्त्रगाळ करून दिलेली.

रविवारची फीस्ट, त्यावर रात्री बाहेर चापलेला तांबडा रस्सा, त्यावर पहाटेपर्यंत जागून प्यायलेला चहा, आणि सोमवारी सकाळी व्हायवा! अशा वेळी भलेभले तोंड पाडून माझ्या दारात उभे राहतात. ‘वैद्यबुवा, द्या की थोडं.’ चिमूटभर पूड जिभेवर टाकली की जो चेहरा होतो, तो बघण्यासारखा असतो. हिरड्याइतकी तुरट गोष्ट जगात दुसरी नसेल. पण दुसऱ्या दिवशी हीच मंडळी हसत मेसला दिसतात.

मॅगझिनसाठी काहीतरी लिही, असं मराठी विभागाच्या संपादकांनी मागे लागून सांगितलं तेव्हा कविता काही जमेना. प्रेमावर लिहावं तर अनुभव शून्य! मग म्हटलं, ज्याच्यावर आपण वाढलो, ज्याच्या पैशावर मेसची बिलं भरली आणि ज्याच्यावरून यंदा आमच्या घरात पहिल्यांदा मोठा वाद झाला, त्या झाडावरच लिहावं.

मी शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम टोकाचा. मलकापूर सोडून रत्नागिरी रस्त्यानं आंबा घाटाकडे निघालं की उसाची शेतं मागं पडतात आणि डोंगर अंगावर यायला लागतात. कोल्हापूर जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊस, गूळ, कुस्ती आणि अंबाबाईचं देऊळ येतं. पण हा जिल्हा एकाच पावसाचा नाही. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि तिकडे पूर्वेला शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरात जे उगवतं ते पूर्वेकडच्या मित्रांनी पाहिलेलंही नसतं. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, शिकेकाई, करवंद... आणि हिरडा.

ज्यांना हे सगळं शास्त्रशुद्ध बघायचं असेल त्यांच्यासाठी शिवाजी विद्यापीठातले डॉ. एस. आर. यादव आणि डॉ. एम. एम. सरदेसाई यांचं कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचं जाडजूड पुस्तक आहे, २००२ साली निघालेलं. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, मला त्यातलं सगळं कळतं असं नाही. पण हिरड्याचं शास्त्रीय नाव टर्मिनालिया चेब्युला आणि आमच्या रानातले ऐन, किंजळ, बेहडा, अर्जुन हे सगळे त्याचे सख्खे भाऊबंद, हे त्यातून समजलं. आज्जीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘ते काय पुस्तकात बघायला लागतंय व्हय? पानं बघितली की कळतंय एका घरची हायत ते.’

हिरडा ओळखायची एक सोपी खूण सांगतो. पान हातात घ्या आणि देठ जिथं पात्याला मिळतो तिथं निरखून बघा. दोन बारीक गाठी दिसतील, मोहरीच्या दाण्याएवढ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड बोडकं होतं, मग तांबूस लवदार पालवी येते आणि उन्हाळ्यात पिवळट पांढऱ्या फुलांचे तुरे लागतात. फुलांचा वास काही फार चांगला नसतो, पण मधमाश्यांना तो आवडतो. फळ वाळलं की त्यावर पाच उभ्या कडा उठून दिसतात.

आयुर्वेदात या फळाला हरीतकी म्हणतात, अभया म्हणतात, आणखी कितीतरी नावं आहेत. चरकसंहितेतल्या रसायनाच्या पहिल्याच प्रकरणाच्या नावात आवळ्याच्या जोडीनं हा आहे. भावप्रकाशात औषधी वनस्पतींचे जे वर्ग केलेत, त्यातल्या पहिल्या वर्गाला नावच हरीतकीचं आहे आणि तिच्या सात जाती सांगितल्या आहेत. सहा रसांपैकी खारट सोडून पाचही रस हिरड्यात आहेत, असं वैद्य मंडळी सांगतात. (आमच्या जिभेला मात्र पहिला आणि शेवटचा तुरटच कळतो!) आवळा, बेहडा आणि हिरडा मिळून त्रिफळा होतो, हे तर जाहिरातींमुळे सगळ्यांनाच माहीत आहे. तिबेटी परंपरेत औषधांचा जो बुद्ध आहे, त्या भैषज्यगुरूच्या हातातही हिरडाच दाखवतात. म्हणजे आमच्या बांधावरचं फळ थेट हिमालयापलीकडे देवाच्या हातात जाऊन बसलंय. आपण मात्र त्याला रानातलं झाड म्हणून सोडून देतो.

आता एक खबरदारी. हिरडा सगळ्यांना चालतो असं नाही. गरोदर बायकांनी, उपाशी किंवा फार अशक्त माणसानं तो घेऊ नये, हे त्याच जुन्या ग्रंथांत सांगितलंय. आज्जीसुद्धा पूड देताना आधी ‘जेवलास का?’ असं विचारते. आणि मधुमेहापासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर हिरडा चालतो असं सांगणारे जे बस स्टँडवर भेटतात, त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं. झाड मोठं आहे म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं नसतं.

तर हे झालं पुस्तकातलं. आता घरातलं.

आमच्या मालकीच्या डोंगरउतारावर हिरड्याची पाच मोठी झाडं होती. ‘होती’ का म्हणतोय ते पुढं येईलच. एप्रिल-मे महिन्यात फळ अजून कोवळं असतं, आत आठळी धरलेली नसते, तेव्हा ते काढून वाळवतात. वाळून काळं कुळकुळीत होतं, मनुक्यापेक्षा थोडं मोठं. त्याला बाळहिरडा म्हणतात. व्यापारी त्याला जास्त दर देतो. दिवाळीनंतर पिकून पिवळसर झालेलं मोठं फळ म्हणजे रंगारी हिरडा. त्याला दर कमी, पण वजन जास्त.

आमच्या ओरल-प्रॅक्टिकलच्या तारखा आणि बाळहिरड्याचा हंगाम बरोबर एकाच वेळी येतो. मी परीक्षा संपवून घरी पोचेपर्यंत अंगण काळं झालेलं असतं. अण्णा आणि काका पहाटे झाडावर चढतात. लांब काठीला आकडी बांधून फांद्या हलवायच्या, खाली आई, काकू आणि आज्जी लुगडी पसरून वेचायला. वळवाच्या पावसाची टांगती तलवार असते. वाळत घातलेल्या हिरड्यावर एक सर पडली की बुरशी येते आणि दर पडतो. त्यामुळे आभाळ भरून आलं की जेवणाचं ताट बाजूला सारून सगळं घर अंगणात धावतं. लहानपणी मला वाटायचं, मे महिन्याची सुट्टी सगळ्यांना अशीच असते.

पहिल्या वर्षाला माझी मेसची अनामत आणि ड्रॉइंगचं सगळं सामान बाळहिरड्याच्या पैशातून आलं. ड्राफ्टर, रोलर, शीट्स... मी ड्राफ्टर लावून पहिली रेघ मारली तेव्हा रूमपार्टनर म्हणाला, ‘सरळ आली की!’ मी म्हटलं, ‘पाच झाडं वेचल्यावर आलीय.’

या रूमपार्टनरची ओळख करून द्यायला पाहिजे. तो अथणीचा, म्हणजे कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातला. घरी कानडी, बाजारात मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम! त्याचं घराणं चपला बनवणाऱ्यांचं. कोल्हापुरी चपला फक्त कोल्हापुरात होतात, असा आपल्याला अभिमान असतो. पण २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे तिकडचे चार. सीमाप्रश्न कुठलाही असो, चपलेनं तो आपल्यापुरता सोडवून टाकलाय!

पहिल्या आठवड्यात त्यानं माझा डबा उघडून वास घेतला आणि म्हणाला, ‘हे आमच्या घरचं.’ मी म्हटलं, ‘नाही रे, हे आमच्या घरचं. औषध आहे.’ तो म्हणाला, ‘औषध असेल तुमच्याकडे. आमच्याकडे चामडं यात भिजतं.’

मला खरंच हे माहीत नव्हतं. व्यापारी पोती घेऊन जातो तो वैद्यांकडे, औषधाच्या कारखान्यांकडे, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. त्यानं मग सगळं समजावून सांगितलं. कोल्हापुरी चपलेचं खरं कातडं रसायनांनी कमावलेलं नसतं. कच्च्या कातड्याचे केस चुन्यानं काढायचे, धुवायचं, आणि मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचं. कातड्याची पिशवी शिवून तिच्यातच हे पाणी भरून टांगून ठेवायचीही पद्धत आहे, म्हणजे पाणी हळूहळू आतून बाहेर झिरपतं. याला कित्येक आठवडे लागतात. घाई केली तर वरचा थर पक्का होतो आणि आतला कच्चा राहतो.

मेकॅनिकलच्या माणसाला ‘का?’ विचारल्याशिवाय चैन पडत नाही. केमिस्ट्रीच्या सरांना गाठलं. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. कातडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. टॅनिनचे रेणू या धाग्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना एकमेकांशी बांधून टाकतात. मग पाणी आणि जंतू त्यांना सहज फोडू शकत नाहीत. कातडं कुजत नाही, त्याचं चामडं होतं. बाभळीचं टॅनिन एका जातीचं, हिरड्याचं दुसऱ्या जातीचं. हिरड्यात साखर असते, ती आंबून पाण्याला आम्लता येते आणि मुरायला मदत होते. रंगही उजळ येतो.

आणि गंमत बघा, आपल्या जिभेला जो तुरटपणा जाणवतो तोसुद्धा हाच प्रकार. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, जीभ कोरडी खरखरीत होते. म्हणजे हिरडा खाल्ला की क्षणभर आपल्या जिभेचं चामडं कमावलं जातं! हे सरांनी सांगितल्यावर वर्गात जो हशा पिकला तो आठवड्यापर्यंत चालू होता. माझ्याकडे येणारे पेशंट मात्र थोडे कमी झाले.

त्याच नादात आणखी एक उद्योग केला. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब मी आठवण म्हणून ठेवला होता. पावसाळ्यात हॉस्टेलच्या ओलीत तो तांबड्या गंजानं माखला. हिरड्याचा दाट काढा करून त्याच्यावर ब्रशनं दोनदा लावला. सुकल्यावर गंजाचा निळसर काळा थर झाला. टॅनिन आणि लोखंड मिळून आयर्न टॅनेट होतं, ते काळं असतं. बाजारात जी गंज रोखणारी लिक्विड मिळतात त्यातल्या काहींत टॅनिक ॲसिड असतं ते याचसाठी. बॉयलरच्या पाण्यातही पूर्वीपासून टॅनिन टाकत आले आहेत. आणि हिरड्याच्या काढ्यात हिराकस म्हणजे फेरस सल्फेट टाकलं की झाली काळी शाई. आपल्याकडच्या जुन्या शायांमध्ये हिरडा पडायचा तो उगीच नाही. एकच फळ पोट साफ करतं, चामडं टिकवतं, लोखंड राखतं आणि अक्षरं लिहितं. आपल्या एका ब्रँचला एवढं जमत नाही!

पण रूमपार्टनरनं सांगितलेली एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता आली नाही. तो म्हणाला, ‘तुमच्या आज्जीच्या हातातला हिरडा लोक तळहातावर घेऊन खातात. आमच्या आज्ज्याच्या हाताला त्याच हिरड्याचा वास यायचा, म्हणून लोक पाणीसुद्धा वरून ओतायचे.’

मी गप्प बसलो. काय बोलणार? जुन्या वैद्यांनी हिरड्याला आईची उपमा दिली. तेच फळ ढोर समाजातल्या माणसाच्या कुंडात पडलं की ते कुंड गावाबाहेर! फळ तेच, टॅनिन तेच, काम करणारे हात तेवढे वेगळे. शाहू महाराजांनी या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांदेखत चहा प्यायला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तरी हॉस्टेलच्या रूममध्ये एका मुलाला आपल्या आजोबांच्या हाताच्या वासाबद्दल बोलताना आवाज खाली करावा लागतो. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेता. केवढा गदारोळ झाला! मग कंपनीनं मान्य केलं आणि त्यांची माणसं जुलैमध्ये कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. आम्ही कॉमन रूममध्ये तावातावानं बोलत होतो. रूमपार्टनर एवढंच म्हणाला, ‘इटलीनं नाव घेतलं नाही म्हणून राग आला ना? गावानं तरी कुठं घेतलं होतं?’

असो. आता त्या पाच झाडांकडे येतो.

हिरड्याचा व्यापार एके काळी मोठा होता. १८८६ साली छापलेल्या कोल्हापूरच्या गॅझेटियरमध्ये संस्थानच्या जंगलउत्पन्नात हिरड्याची नोंद आहे. मुंबईहून, मद्रासहून आणि कोकणातल्या बंदरांतून तो गलबतांनी विलायतेला जायचा, तिथल्या टॅनरींसाठी. इंग्रज त्याला मायरोबलन म्हणत आणि वेंगुर्ल्याच्या मालाला तर ‘विंगोर्ला’ असं स्वतंत्र नावच होतं. पण १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमनं कातडं कमावायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि पुढं जगभर तीच पद्धत रुळली. जिथं आठवडे लागायचे तिथं एखाद-दोन दिवसांत काम व्हायला लागलं. क्रोमियमचं सांडपाणी नदीत गेल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. पण वेगापुढं कोण थांबतो? अथणीतसुद्धा आता बरेच जण तयार चामडं बाहेरून आणतात. घरी कुंड चालवायला पोरं तयार नाहीत. आणि ती का नाहीत, ते वर आलंच आहे.

आमच्याकडेही तेच. चुलतभाऊ शिरोलीच्या एमआयडीसीत लागला. त्याला मे महिन्यात सुट्टी नाही. अण्णांचा गुडघा गेली तीन वर्षं धड नाही. उरले काका. पन्नाशी ओलांडलेला माणूस पहाटे पन्नास फुटांच्या झाडावर चढतो, खाली काकू देवाचं नाव घेत उभी असते. गेल्या वर्षी फांदी मोडून ते पडता पडता राहिले. त्यानंतर गावात एक लाकूड ठेकेदार येऊन गेला. पाचही झाडांचे रोख पैसे देतो म्हणाला.

मी घरी गेलो तेव्हा सोप्यात बैठक बसलेली. माझ्या तिसऱ्या वर्षाची फी भरायची होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मला विचारलं, ‘तू शिकलेला, तू सांग.’ मी वहीत हिशेब मांडला. आपल्याला इंडस्ट्रियल मॅनेजमेंटमध्ये पेबॅक पीरियड शिकवतात ना, तसा! ठेकेदाराची रक्कम भागिले एका हंगामाचं हिरड्याचं उत्पन्न. उत्तर आलं साधारण आठ. म्हणजे आठ वर्षं हिरडा वेचून जे मिळेल ते आज एका दिवसात हातात.

आज्जी कोपऱ्यात लसूण सोलत होती. म्हणाली, ‘आठ वर्सं म्हंजे किती रं? मी लगीन हून या घरात आले तवा बी हे झाड असंच हुतं. तुझ्या आज्ज्यानं बी लावलं न्हाई ते. तुझ्या वहीत ती वर्सं कुठल्या रकान्यात घातलीस?’

काका शांतपणे म्हणाले, ‘आई, झाड राहील. पण चढणारा राहील का? तू एकदा खाली हुबी राहून बघ.’

मित्रांनो, अशा वेळी एक बाजू बरोबर आणि एक चूक असती तर किती सोपं झालं असतं! भाषणात आपण ‘झाडे लावा, झाडे जगवा’ म्हणून मोकळे होतो. पण काका काही झाडाचा शत्रू नव्हते. वीस वर्षं त्या झाडाच्या शेंड्यावर तेच होते. झाड वाचवा म्हणणारे आम्ही सगळे खाली लुगडं धरून उभे होतो.

मी कायदा शोधला. महाराष्ट्रात झाडं तोडण्याचं नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. ज्या झाडांना मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय हात लावता येत नाही, अशांची एक यादी त्याला जोडलेली आहे. साग, आंबा, फणस, चिंच, ऐन, जांभूळ आणि त्यांच्याबरोबर आपला हिरडाही. मी हे वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, ‘परवानगीशिवाय न्हाई म्हणजे परवानगीनं हाय की.’ तेही खरंच होतं. कायदा झाडाला वेळ देतो, निर्णय घरालाच घ्यावा लागतो.

दोन दिवस वाद चालला. शेवटी जमिनीच्या वाटणीप्रमाणे झाडांचीही वाटणी झाली. दोन काकांच्या वाट्याची, तीन आमच्या. काकांनी त्यांच्या दोन झाडांसाठी रीतसर अर्ज केला, परवानगी आली आणि दोन्ही झाडं गेली. आमची तीन राहिली. माझी फी आईच्या बचत गटाचं कर्ज आणि कमवा-शिका योजनेतलं माझं लायब्ररीतलं काम, यातून भरली. संध्याकाळी तुम्हाला इश्यू काउंटरवर जो दिसतो, तो मीच! पुस्तक उशिरा आणलं तर दंड घेताना मी दयामाया दाखवत नाही. त्यामागचं कारण आता तुम्हाला कळलं असेल.

दोन झाडं पडली त्या दिवशी मी तिथं होतो. खोडाच्या कापावर वय मोजावं म्हणून वाकलो, पण आपल्याकडच्या झाडांची वर्तुळं थंड देशातल्या झाडांसारखी स्पष्ट नसतात. काही मोजता आलं नाही. आज्जीच्या प्रश्नाला माझ्या वहीत रकाना नव्हता, तसा लाकडातही सापडला नाही.

नवीन झाडं लावावीत म्हणून आम्ही खटपट सुरू केली आहे. पण हिरडा सहजासहजी उगवत नाही. आठळी इतकी टणक की कोंब यायला फार वेळ लागतो, कित्येकदा येतच नाही. त्यात बाळहिरडा म्हणजे आठळी धरायच्या आतच तोडलेलं फळ. सगळं कोवळंच काढून घेतलं तर बी उरणार कुठून? म्हणून यंदा आमच्या तीनपैकी एका झाडाला हात लावला नाही. त्याची फळं दिवाळीनंतर पिकून आपोआप पडू दिली. रूमपार्टनर आणि मी त्यातल्या शंभर आठळ्या घासून, भिजवून पिशव्यांत लावल्या. आजपर्यंत अकरा उगवल्या आहेत. त्यातल्या चार हॉस्टेलच्या मागच्या कंपाउंडला लावायला रेक्टर सरांनी परवानगी दिली आहे. क्रिकेट खेळणाऱ्यांना हात जोडून विनंती, त्या बाजूला सिक्सर मारू नका. आणि उंच झाडावर न चढता हिरडा काढता येईल असा हलका, घडीचा बांबू किंवा ॲल्युमिनियमचा आकडा हा आमच्या बॅचचा मिनी प्रोजेक्ट ठरला आहे. पहिलं डिझाइन काकांना दाखवलं. त्यांनी हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, ‘टोक जड झालंय. मनगट धरील.’ सरांनी रिव्ह्यूमध्ये अगदी हेच सांगितलं होतं, फक्त इंग्रजीत.

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा काकांच्या वाट्याच्या उतारावर सहज चक्कर मारली. दोन बुंध्यांपैकी एक वाळून गेलाय. दुसऱ्याच्या कडेनं तांबूस कोंब फुटलेत, बोटभर लांब, लव असलेले. आणि त्याच्याभोवती कुणीतरी करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलंय, शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून. मी घरी येऊन विचारलं, कुंपण कुणी घातलं? काकू भाकरी थापत होती. तिनं वर न बघता नुसती मान बाहेरच्या सोप्याकडे केली. तिथं काका बसले होते. पायातले काटे काढत.